मत नसलेल्या सभागृहातला माणूस : नामदार गोखले यांचे राजकारण आणि खासगी आयुष्य

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषणे चालली होती. अध्यक्षस्थानी स्वतः लॉर्ड कर्झन. सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती आणि तिच्याबद्दल अर्थखात्याच्या सभासदाचे अभिनंदन होत होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले एक पस्तीस वर्षांचे प्राध्यापक उठले. या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही, असे म्हणून त्यांनी सुरुवात केली. ही शिल्लक सुबत्तेची खूण नाही, दुष्काळाने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा तो पुरावा आहे, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. मवाळांचे पुढारी, गांधीजींचे राजकीय गुरू, टिळकांचे विरोधक. एवढ्यावर बहुतेकांची ओळख संपते. त्यांच्या राजकारणाची यंत्रणा नेमकी कशी चालायची, ते कोणत्या जोरावर बोलायचे, त्यातून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे मात्र सहसा कोणी उलगडून सांगत नाही. त्यांचे खासगी आयुष्य तर जवळजवळ झाकलेलेच राहते. मला वाटते, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय हा माणूस समजत नाही.

सभागृह कसले होते?

आजच्या लोकसभेचे चित्र डोळ्यांसमोरून आधी पुसून टाकायला हवे. १८९२ च्या कायद्याने बनलेल्या त्या मंडळात सरकारी अधिकाऱ्यांचेच बहुमत असे. बिनसरकारी सभासद थोडे, आणि तेही थेट लोकांनी निवडलेले नसत. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळातल्या बिनसरकारी सभासदांनी एकाचे नाव वर पाठवायचे, अशी रीत होती. फिरोजशहा मेहता त्या जागेवरून बाजूला झाले, तेव्हा गोखल्यांचे नाव गेले.

या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत असे, पण त्यावर मत देता येत नसे. एखादी रक्कम कमी करा, असा ठरावही मांडता येत नसे. आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारता येई, मात्र उत्तर अपुरे वाटले तरी उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. वर्षातून एकदा उठायचे, बोलायचे आणि बसायचे. अंदाजपत्रक आधीच ठरलेले असायचे.

मग बोलायचे कशासाठी? याचे उत्तर गोखल्यांना त्यांचे गुरू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडून फार आधी मिळाले होते. विशीत असताना ते रानड्यांच्या हाताखाली पुण्याच्या सार्वजनिक सभेची, म्हणजे लोकांच्या मागण्या सरकारपुढे मांडणाऱ्या संस्थेची, निवेदने तयार करीत. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे पडताळायचे, मसुदा लिहायचा, रानड्यांनी तो खोडायचा, पुन्हा लिहायचा. एवढ्या मेहनतीने पाठवलेल्या अर्जाला सरकारकडून दोन ओळींचे कोरडे उत्तर यायचे. तरुण गोखले वैतागले, तेव्हा रानड्यांनी त्यांना समजावले की हे अर्ज नावाला सरकारच्या पत्त्यावर जातात, खरे तर ते आपल्या लोकांसाठी असतात. अशा विषयांवर विचार कसा करायचा, हे लोकांनी त्यातून शिकायचे आहे.

गोखल्यांचे पुढचे सगळे राजकारण या एका धड्यातून निघाले आहे. कलकत्त्यातले भाषण समोरच्या अधिकाऱ्यांना ऐकू जाई, पण ते तिथे थांबत नसे. वर्तमानपत्रांतून ते देशभर वाचले जाई. ते लंडनला पोचे आणि तिथले उदारमतवादी खासदार त्यातले आकडे घेऊन पार्लमेंटात प्रश्न विचारत. शिवाय मंडळात बोललेल्या गोष्टीला सरकारला नोंदीवर उत्तर द्यावे लागे. ज्याला हटवता येत नाही अशा सरकारला निदान हिशेब देण्याची सवय लावायची, हा त्यांचा डाव होता.

सात कोटींचे कोडे

१९०२ च्या भाषणातला मुख्य मुद्दा जरा किचकट आहे, पण तो समजला की गोखल्यांची ताकद कळते.

हिंदुस्थान सरकार कर गोळा करी रुपयांत. पण दरवर्षी त्याला इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे. कर्जावरचे व्याज, निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्करी खर्च, लंडनच्या भारत कार्यालयाचा खर्च. ही रक्कम दीड कोटी पौंडांहून अधिक होती. रुपया चांदीचा होता, पौंड सोन्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगात चांदी स्वस्त झाली आणि रुपयाची किंमत घसरत गेली. एका पौंडाचे पेन्स २४०. रुपया तेरा पेन्सांवर आला, तेव्हा एक पौंड भागवायला साडेअठरा रुपयांच्या आसपास लागू लागले. हा तोटा भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढवले. १८८६ साली प्राप्तिकर आला, १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला, पुढे आयात मालावर जकात बसली.

१८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. रुपयाचा पुरवठा आखडला आणि काही वर्षांत त्याची किंमत सोळा पेन्सांवर जाऊन ठरली. आता एका पौंडाला पंधरा रुपये पुरू लागले. म्हणजे दर पौंडामागे जवळपास साडेतीन रुपये वाचले. दीड कोटी पौंड धरले, तरी वर्षाला पाच कोटी रुपयांची बचत झाली. पण तोट्याच्या नावाखाली वाढवलेले कर तसेच राहिले. हप्ता वाढला म्हणून घरातल्या प्रत्येकाकडून जास्त पैसे घ्यायला लागावे आणि हप्ता कमी झाल्यावरही ते घेतच राहावेत, तसा हा प्रकार. तिजोरीतली शिल्लक प्रामुख्याने चलनाच्या या फेरातून आली होती.

आणि ते दिवस कोणते होते? १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडलेले. प्लेग होताच. अशा वेळी ही शिल्लक लोकांवर दुहेरी अन्याय आहे, असे गोखले म्हणाले. एक तर ती गरजेपेक्षा जास्त पैसा काढून घेते, आणि वर तिच्याकडे पाहून परक्या माणसाचा समज होतो की हा देश भरभराटीत आहे.

पुढच्याच वर्षी मिठावरचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा वार्षिक पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. १९०५ मध्ये मीठकर दीड रुपयावर आला, १९०७ मध्ये एक रुपयावर. हे सारे एका माणसाच्या भाषणाने झाले, असे म्हणणे इतिहासाशी खोटे वागणे होईल. काँग्रेसची मागणी जुनी होती, सरकारची तिजोरीही भरलेली होती. पण सरकारच्या आकड्यांतूनच सरकारविरुद्ध खटला उभा करण्याचे काम गोखल्यांनी केले. पुढची दहा वर्षे अर्थखात्याचे अधिकारी त्यांच्या भाषणाची तयारी ठेवून बसत. मीठकर अडीचचा एक झाला, म्हणजे हिंदुस्थानातल्या गरिबातल्या गरीब घरात काहीतरी उरले. मवाळांनी नुसते अर्ज केले, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा नजरेआड करू नये.

कोतळूक ते फर्ग्युसन

आता घराकडे वळू.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता आणि थोरला भाऊ गोविंद अठराच्या आसपास. गोविंदरावांनी शिक्षण सोडले आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्याला पाठवत. उरलेल्या सात रुपयांत बाकीचे घर चाले. पुढे कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी आपले दागिने मोडले, असे चरित्रांतून येते.

देशाच्या अंदाजपत्रकातला पै पैशाचा हिशेब मागणारा माणूस या घरात घडला. गरिबाच्या मिठावरचा आठ आण्यांचा वाढीव कर त्याला कधीच क्षुल्लक वाटला नाही, याचे मूळ मला त्या आठ रुपयांत दिसते.

१८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. अठराव्या वर्षी पदवी, इंग्रजी आणि गणितावर पक्की पकड. वकिली किंवा सरकारी नोकरी करून त्यांनी कुटुंबाचे कर्ज फेडावे, ही घरच्यांची अपेक्षा साहजिक होती. त्यांनी मात्र पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी घेतली आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. आजीव सभासद म्हणजे वीस वर्षे संस्थेत शिकवण्याची हमी, पगार महिना पंचाहत्तर रुपये. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जे समोर येईल ते त्यांनी शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांत वर्षानुवर्षे चालले. त्याच काळात ते आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजू सांभाळत होते आणि सार्वजनिक सभेचे चिटणीस होते. १९०२ मध्ये कॉलेजमधून निवृत्त झाले, तेव्हा पेन्शन मिळाले महिना तीस रुपये.

दोन लग्ने

गोखल्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग हा आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही.

१८८० मध्ये, चौदाव्या वर्षी, त्यांचे पहिले लग्न सावित्रीबाईंशी झाले. त्यांना अंगावर पांढरे डाग येण्याचा विकार होता, आणि त्या काळी तो असाध्य मानला जाई. घरच्यांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला. १८८७ मध्ये, पहिली पत्नी हयात असताना, गोखल्यांनी दुसरे लग्न केले. पहिल्या पत्नीची संमती घेतली होती असे सांगितले जाते. पण परावलंबी, आजारी स्त्रीच्या संमतीला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न उरतोच.

ते साल लक्षात घ्या. गोखले तेव्हा आगरकर-रानड्यांच्या वर्तुळात होते. स्त्रियांच्या हक्कांवर तिथे रोज चर्चा होत होती. चार वर्षांनी, १८९१ मध्ये, लग्नानंतरच्या संबंधांसाठी मुलीचे किमान वय ठरवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे पेटले, तेव्हा गोखले सुधारकांच्या बाजूला होते. कायद्याने तेव्हा हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची बंदी नव्हती आणि लोकरूढीत ते आक्षेपार्हही नव्हते. सुधारकाला मात्र रूढीचा आधार घेता येत नाही. विरोधकांना आयते हत्यार मिळाले. पुढे गोखल्यांनी राजकारण, अर्थकारण आणि शिक्षण यांत जितके झोकून दिले, तितके कुटुंबसुधारणेच्या व्यासपीठावर दिले नाही. घरातल्या या सलाचा त्यात वाटा असावा, असे मला वाटते. एकवीस वर्षांच्या मुलावर घरच्यांचे किती दडपण असते, हे आपल्याला कळते. तरी सावित्रीबाईंवर अन्याय झाला, हे त्याने बदलत नाही.

दुसऱ्या पत्नीपासून त्यांना दोन मुली झाल्या, काशीबाई आणि गोदूबाई. १९०० च्या सुमारास दुसरी पत्नी वारली. गोखले तेव्हा तिशीत होते आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. मुलींना त्यांनी शिकवले. थोरले बंधू गेल्यावर त्यांच्या कुटुंबाचा भारही त्यांच्यावर आला. कलकत्ता, सिमला, लंडन अशा सततच्या प्रवासात मधुमेह जडलेला हा माणूस पुण्यातल्या भरल्या घराची काळजी वाहत होता.

१८९७ ची माफी

गोखल्यांचे नाव देशभर गेले ते १८९७ मध्ये, आणि त्याच वर्षी ते धुळीलाही मिळाले.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते लंडनला गेले. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रमण्यम अय्यर हेही साक्षीदार होते, आणि दादाभाई नौरोजी कमिशनचे सभासद होते. जाताना फ्रान्समधल्या कॅले बंदरात पडून गोखल्यांच्या छातीला मार बसला. इतरांना त्रास नको म्हणून ते गप्प राहिले आणि दुखणे बळावले. तरी साक्ष उत्तम झाली. लष्कर आणि वरच्या जागांवर होणारा खर्च त्यांनी आकड्यांत मांडलाच, शिवाय पैशांत न मोजता येणारे नुकसानही सांगितले. परक्या राज्यात आमच्यातल्या उंचातल्या उंच माणसालाही वाकून राहावे लागते आणि त्याने सगळ्या समाजाची वाढ खुंटते, हा त्याचा मथितार्थ.

इकडे पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडच्या अधिकाराखाली सोल्जर घरोघरी शिरून तपासणी करीत होते. गोखल्यांना पुण्याहून पत्रे गेली. त्यात सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ते आरोप इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रात जाहीरपणे मांडले. पार्लमेंटात गदारोळ झाला, सरकारने इन्कार केला. तोवर २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती आणि वातावरण तापले होते.

गोखले परतले, तेव्हा मुंबई बंदरात बोटीवरच पोलीस आयुक्त त्यांना भेटायला आले. पुरावा काय, हा एकच प्रश्न होता. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना, आणि त्यांची नावे सांगितली तर त्यांच्यावर काय गुदरेल, हे उघड होते. ती पत्रे जाळून टाकण्याची व्यवस्था गोखल्यांनी आधीच केली होती. ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली, गव्हर्नरची, प्लेग समितीची आणि सोल्जरांचीही.

याच सुमारास टिळकांना राजद्रोहाखाली अटक होऊन पुढे अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एक पुढारी तुरुंगात जातो, दुसरा माफी मागतो. लोकांनी काय निष्कर्ष काढला असेल, ते सांगायला नको. त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये गोखल्यांना कोणी व्यासपीठावर पाहू इच्छीत नव्हते.

माझे मत असे. नावे न सांगण्याचा निर्णय पूर्ण योग्य होता. सिद्ध करता न आलेला आरोप मागे घेणेही त्यांच्या राजकारणाच्या नियमात बसणारे होते, कारण त्यांचे सगळे बळ शब्दाच्या खरेपणावर उभे होते. ज्याचे आकडे एकदा खोटे ठरतील, त्याला मत नसलेल्या सभागृहात कोण ऐकणार? पण आरोप मागे घेणे वेगळे आणि सोल्जरांची स्तुती वाटावी इतकी सपाट माफी मागणे वेगळे. घराघरांत झालेली दांडगाई खरी होती, आणि माफीत ती पुसली गेली. परतल्यावर गोखले प्लेगच्या स्वयंसेवकांत काम करायला लागले. त्यांच्यावरचा डाग पुण्यात मात्र शेवटपर्यंत राहिला.

उंबरठा आणि त्याच्या मर्यादा

१९०५ हे त्यांच्या चढत्या काळाचे शिखर. १२ जूनला त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सभासदांनी सात शपथा घ्यायच्या. स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी समाज जे देईल त्यात भागवायचे, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, जातिधर्माचा भेद न करता सर्व हिंदी लोकांना भाऊ मानायचे. राजकारण हे फावल्या वेळात करायचे काम नाही, त्यासाठी अभ्यास करणारी, पूर्ण वेळ देणारी माणसे हवीत, ही कल्पना आपल्याकडे तिथे पहिल्यांदा संस्थेच्या रूपात उभी राहिली. त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे आले. अध्यक्षीय भाषणात त्यांनी बंगालची फाळणी करणाऱ्या कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली आणि साम्राज्यातल्या वसाहतींसारखे स्वराज्य हे ध्येय सांगितले.

पण समाजाच्या उद्देशपत्रिकेत ब्रिटिशांशी आलेला संबंध ही देशाच्या भल्यासाठी झालेली ईश्वरी योजना आहे, असे स्पष्ट लिहिले होते. आज हे वाक्य खटकते. तेव्हाही अनेकांना खटकले. उदारमतवाद्यांचा हिशेब असा होता : इंग्लंडात कायद्याचे राज्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य, प्रतिनिधींमार्फत कारभार या गोष्टी झगडून मिळाल्या आहेत, तेव्हा इंग्रजांना त्यांच्याच तत्त्वांवर धरता येईल. त्यासाठी लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे, समविचारी सरकार हवे. १९०५ च्या अखेरीस लिबरल पक्ष सत्तेवर आला, जॉन मोर्ले भारतमंत्री झाले, तेव्हा तो योग जुळल्यासारखा वाटला. गोखले लंडनला जाऊन मोर्लेंना वारंवार भेटले.

१९०९ च्या सुधारणांत काही मिळाले. ठराव मांडण्याचा आणि उपप्रश्न विचारण्याचा हक्क आला, सभासद वाढले. पण मध्यवर्ती मंडळात सरकारी बहुमत कायम राहिले आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. दरम्यान १९०७ मध्ये सुरतेला मवाळ-जहाल वादात काँग्रेस फुटली. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले, तेही मोर्लेंच्याच कारकिर्दीत. १९०७ च्या सभाबंदी विधेयकाला गोखल्यांनी कडाडून विरोध केला होता, वृत्तपत्रांवर बंधने घालणाऱ्या १९१० च्या प्रेस कायद्याला मात्र ते तसे आडवे गेले नाहीत. सरकारशी बोलणे तुटू नये, ही त्यांची चिंता होती. इथे ती चिंता तत्त्वाहून मोठी झाली, असे मला वाटते.

पराभवातली कामगिरी

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याची मागणी किती माफक होती, पाहा. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्तीचे शिक्षण, तेही सर्वत्र नाही. जिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवे असेल, जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील आणि जिथे सरकार परवानगी देईल, तिथेच. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण आधीच सुरू केले होते, त्यामुळे हे आपल्याकडे जमणार नाही म्हणायला जागा नव्हती.

तरी विरोध झाला. पैसा नाही, लोक तयार नाहीत, शेतात कामाला हात मिळणार नाहीत. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. बाजूने तेरा, विरोधात अडतीस. मदनमोहन मालवीय आणि जिना गोखल्यांच्या बाजूला होते. विधेयक पडणार हे गोखल्यांना माहीत होते आणि त्यांनी तसे भाषणातच सांगितले. आपल्या पिढीला देशाची सेवा अपयशांतूनच करायची आहे, यशातून सेवा करण्याचे भाग्य पुढच्या स्त्री-पुरुषांना लाभेल, असे ते म्हणाले. १९१८ मध्ये मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांनी मांडलेला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. जवळजवळ साऱ्या देशातल्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

दुसरी आघाडी दक्षिण आफ्रिकेची. तिथे करारावर नेलेल्या हिंदी मजुरांचे हाल होत होते. मुदत संपल्यावर तिथेच राहणाऱ्याला वर्षाला तीन पौंड कर भरावा लागे. तिथल्या नाताळ प्रांतात असे मजूर पाठवणे थांबवा, हा गोखल्यांचा ठराव १९१० मध्ये सरकारने मान्य केला. १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये ते स्वतः आफ्रिकेत उतरले. गांधीजी सावलीसारखे बरोबर. प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना भेटून आल्यावर गोखले म्हणाले, सगळे ठरले, कर रद्द होईल, तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात या. गांधीजींना त्या मंत्र्यांच्या शब्दाचा भरवसा नव्हता. त्यांची शंका खरी ठरली, सरकारने शब्द पाळला नाही आणि १९१३ चा मोठा सत्याग्रह झाला.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. आजारी गोखल्यांनी त्या लढ्यासाठी देशभर पैसा उभा केला, वर्तमानपत्रे हलवली आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मद्रासेत आफ्रिका सरकारवर उघड टीका करावी इतके वातावरण तयार केले. १९१४ मध्ये कर गेला. तिकडे मजूर तुरुंगात जात होते, इकडे मंडळातला माणूस दार ठोठावत होता. या दोन पद्धतींत वैर असते असे आपण धरून चालतो. तीन पौंडांचा कर गेला तो दोन्ही एकाच वेळी चालल्यामुळे.

गांधी आणि गोखले

दोघांची पहिली भेट १८९६ मध्ये पुण्यात झाली. फिरोजशहा हिमालयासारखे, टिळक समुद्रासारखे आणि गोखले गंगेसारखे वाटले, असे गांधीजींनी लिहिले आहे. पुढे कलकत्त्यात गांधीजी महिनाभर गोखल्यांकडे राहिले. तुम्ही ट्रामने का जात नाही, घोडागाडी कशाला, असे त्यांनी विचारले. गोखल्यांना ते लागले. सुखासाठी गाडी करत नाही, लोक ओळखू लागले की तुम्हालाही ट्रामने जाणे कठीण होईल, असे त्यांनी सांगितले. मग गांधीजींनी विचारले, तुम्ही फिरायलाही जात नाही? वेळ कुठे मिळतो, हे उत्तर आले. मधुमेही माणसाचे हे उत्तर वाचताना आज वाईट वाटते.

गुरू-शिष्यांचे सगळ्यात पटत होते, असे मुळीच नाही. गांधीजींचे ‘हिंद स्वराज’ हे पुस्तक गोखल्यांना इतके कच्चे वाटले की हिंदुस्थानात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच ते नष्ट करतील, असे ते म्हणाले होते. तरी गांधीजींवरचा त्यांचा जीव कमी झाला नाही. देशात परतल्यावर वर्षभर फक्त पाहा आणि ऐका, बोलू नका, हा सल्ला गोखल्यांचाच.

१९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला ‘सर’ किताब गोखल्यांनी नाकारला. तोवर हृदय थकले होते. १९१५ च्या फेब्रुवारीत गांधीजी पुण्यात आले, त्यांच्यासाठी भरलेल्या मेळाव्यात गोखल्यांना भोवळ आली. १९ फेब्रुवारीला ते गेले. वय अठ्ठेचाळीस. काँग्रेसच्या दोन्ही तटांना एकत्र आणण्याची बोलणी त्याच हिवाळ्यात फिसकटली होती. टिळकांनी स्मशानात भाषण केले. हा भारताचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न आणि कार्यकर्त्यांचा राजा चिरनिद्रा घेत आहे, याच्याकडे पाहा आणि याचे अनुकरण करा, असे त्यांनी जमलेल्यांना सांगितले. पंचवीस वर्षे भांडलेल्या माणसाचे हे शब्द आहेत.

गांधीजींना भारत सेवक समाजात यायचे होते. सभासदांत त्यावरून मतभेद झाले. त्यांची पद्धत आपल्याहून फार वेगळी आहे, असे अनेकांना वाटले आणि गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. समाजाची धुरा श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे गेली. १९१८ मध्ये सरकारने सुचवलेल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड राजकीय सुधारणांच्या प्रश्नावर मवाळ मंडळी काँग्रेसबाहेर पडली आणि त्यांनी आपला वेगळा लिबरल पक्ष काढला.